पडलेल्या भिंतींचा इतिहास



संस्थापक गुरुजींच्या स्मृत्यर्थ चालणाऱ्या या व्याख्यानमालेत आजवर संतवाङ्मय, बखरी, नाट्यसंगीत असे भारदस्त विषय होऊन गेले. त्या पंक्तीत राडारोड्याला आणून बसविले, याचे काहींना नवल वाटेल. मी अभियंता नव्हे. उभे आयुष्य मराठी शिकविण्यात गेले. या विषयात माझा प्रवेश झाला तो शब्दांच्या दारातून. पडलेल्या इमारतीच्या ढिगाला पुण्याचा माणूस राडारोडा म्हणतो, मुंबईचा डेब्रिज म्हणतो आणि आपण माळव्यातले मराठी लोक शेजाऱ्यांप्रमाणे मलबा म्हणतो. शब्द तीन असले तरी वस्तू एकच. पण ती वस्तू जन्माला येते कशी, यासाठी मराठीत दोन क्रियापदे आहेत आणि त्यांतला भेद फार मोलाचा आहे. जुना वाडा ‘उतरवला’ असे आपले आजोबा म्हणत. आजची इमारत ‘पाडली’ जाते. उतरवणे म्हणजे डोक्यावरचे ओझे हलकेच खाली ठेवावे तशी इमारत वरून खाली, एकेक वस्तू ओळखून, हाताने मोकळी करणे. पाडण्यात अशी ओळखपाळख नसते.

हा भेद केवळ स्वभावाचा नाही, त्याला द्रव्याचे कारण आहे. जुन्या बांधकामात दगड-विटा जोडणारा चुना असे किंवा माती असे. चुना विटेला धरतो, परंतु वीट मागितली तर सोडतोही. हातोडीने चार ठोके दिले की तो झडतो व वीट पुन्हा कोरी होते. सिमेंट असे सोडत नाही. त्याने धरलेली वीट काढू गेल्यास बहुधा वीटच फुटते. आणि काँक्रीटमध्ये तर वेगळे काढण्यासारखे काही उरतच नाही. खडी, वाळू, सिमेंट आणि पोटातली सळई यांचा एकच पाषाण झालेला असतो. १८२४ साली जोसेफ ॲस्पडिन या इंग्रज गवंड्याने पोर्टलंड सिमेंटचे पेटंट घेतले, तेव्हा आपण उतरविण्याच्या विद्येची मुळे तोडतो आहोत हे त्याच्या स्वप्नीही आले नसेल.

त्यापूर्वी पडलेल्या भिंतीचे काय होत असे? आपल्याकडे तिचे फार थोडे वाया जाई. घडीव दगड नव्या जोत्यात बसे. सागवानी खांब आणि तुळया विकल्या जात. अखंड विटा पुन्हा भिंतीत जात आणि फुटक्या विटांचे दोन उपयोग होत, ते दोन्ही आपल्या भाषेत नांदत आहेत. एक कोबा. विटांचे तुकडे चुन्यात कालवून, ते पसरून, दिवस दिवस धोपटून केलेली जमीन किंवा गच्ची. आज सिमेंटच्या इमारतीवरही पाणी अडविण्यासाठी विटांच्या तुकड्यांचा कोबा करतात आणि त्याला कोबाच म्हणतात. दुसरा सुरखी. वीट दळून केलेली ही तांबडी पूड चुन्यात मिसळली की चुना पाण्यातही घट्ट होतो. बैलाने फिरविलेल्या घाणीत चुना आणि सुरखी एकजीव होत असे. ही काही गरिबाची तडजोड नव्हती. १८९५ साली पुरे झालेले मुल्लपेरियारचे धरण चुना-सुरखीचे आहे आणि विश्वेश्वरय्यांच्या नावाशी जोडलेले कृष्णराजसागरही सुरखीच्या दर्जात बांधलेले आहे. भाजलेल्या विटेची पूड एवढे पाणी तोलून धरते, याचे मला अजूनही अप्रूप वाटते.

शहरेच्या शहरेही अशी एका जागेवरून दुसऱ्या जागी गेली आहेत. जुने गोवे रोगराईने ओस पडू लागल्यावर पोर्तुगिजांनी मांडवीकाठी खाली सरकत पणजी उभी केली. १८४३ साली ती अधिकृत राजधानी झाली. १८३५ मध्ये धार्मिक संघांचे मठ बंद झाले होते, मोठाले वाडे रिकामे होते, आणि जुन्या गोव्याचा जांभा नव्या पणजीच्या भिंतींत जाऊन बसला. जुन्या गोव्यात आज चार-दोन भव्य चर्चे आणि मध्ये माडांची गर्दी दिसते, ती केवळ काळाची करणी नव्हे. पणजीच्या जुन्या भागातून फिरताना आपण एका अर्थी त्या लुप्त नगरातूनच फिरत असतो.

आता मी आपणास युरोपात नेतो. याचे कारण असे की राडारोडा हा शासनाचा, शास्त्राचा आणि कायद्याचा विषय झाला तो दुसऱ्या महायुद्धानंतर, आणि प्रथम जर्मनीत. युद्ध संपले तेव्हा त्या देशात सुमारे ४० कोटी घनमीटर मोडतोड पडली होती असा अंदाज आहे. त्यातली सुमारे साडेसात कोटी एकट्या बर्लिनमध्ये. विटभट्ट्यांना कोळसा नव्हता, रेल्वेला रूळ नव्हते आणि लोकांना छप्पर नव्हते. अशा वेळी समोरचा ढीग हीच खाण होती. फ्रँकफुर्टच्या नगरपालिकेने १९४५ मध्ये शहरातील मोडतोड सरळ ताब्यात घेतली. घर ज्याचे त्याचे, पण त्याचा ढीग शहराचा! आणि ती दळून नवे बांधकाम-साहित्य करण्यासाठी बांधकाम-उद्योगाच्या भागीदारीत एक कंपनी काढली. विटांच्या चुऱ्याचे काँक्रीट कसे करावे याचे प्रमाण-मानक जर्मनीत १९५१ साली निघाले. आपल्या सुरखीचीच ही लांबची बहीण, मात्र तिच्यामागे प्रयोगशाळा उभी होती.

या पर्वाचे जे चित्र जगाच्या मनात ठसले, ते म्हणजे डोक्याला रुमाल बांधून, साखळी करून हातोहात विटा पुढे देणाऱ्या स्त्रिया. दोस्तराष्ट्रांच्या नियंत्रण मंडळाने जुलै १९४६ च्या कायद्याने बांधकामावर स्त्रियांना लावण्यास मुभा दिली. चित्र खरे आहे, पण पुरे नाही. लिओनी ट्रेबर या संशोधिकेने २०१४ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात दाखवून दिले की बर्लिनमध्ये अशा स्त्रियांची संख्या साठ हजारांच्या आसपास होती, इतर शहरांत ती फारच थोडी होती, आणि मोठा भार व्यावसायिक कंपन्यांनी व त्यांच्या यंत्रांनी उचलला. युद्ध चालू असताना बाँबहल्ल्यांचे ढीग उपसले ते युद्धकैद्यांनी आणि छळछावण्यांतील कैद्यांनी. त्यांचे पुतळे फारसे झाले नाहीत. स्त्रियांचे श्रम यामुळे उणे होत नाहीत. परंतु राष्ट्राला स्वतःकडे पाहण्यासाठी कोणते चित्र सोयीचे वाटते आणि कोणते अडगळीत टाकावेसे वाटते, हे इतिहासाच्या विद्यार्थ्याने पाहिले पाहिजे.

जे दळले गेले नाही त्याचे डोंगर झाले. पश्चिम बर्लिनच्या ग्रूनेवाल्ड अरण्यात नाझींनी सैनिकी तंत्रविद्येचे एक महाविद्यालय बांधावयास घेतले होते. ते इतके दणकट होते की फोडता फुटेना. तेव्हा त्यावर शहराचा राडारोडा आणून ओतला. दोन दशकांहून अधिक काळ ओतत राहिले. आज तो टॉयफेल्सबेर्ग, म्हणजे सैतानाचा डोंगर, समुद्रसपाटीपासून सुमारे १२० मीटर उंच आहे. नाव मात्र जवळच्या तळ्यावरून पडलेले आहे. त्यावर झाडी वाढली, मुले पतंग उडवितात. ब्रिस्टल या इंग्रज बंदराची मोडतोड तर समुद्रापार गेली. युद्धसामग्री आणणारी जहाजे रिकामी परतताना डगमगू नयेत म्हणून त्यांच्या तळाशी ती भरली जाई आणि न्यूयॉर्कच्या नदीकाठी भरावात पडे. त्या जागेला ब्रिस्टल बेसिन हे नाव मिळाले. बाँबने पडलेल्या घरांवरून आज तिथे मोटारी धावतात.

परंतु माझ्या मनात घर करून राहिले आहे ते वॉर्सा. पोलंडच्या या राजधानीतील ज्यू लोकांना नाझींनी १९४० मध्ये एका भिंतीआड कोंडले. १९४२ च्या उन्हाळ्यात तेथून लाखो माणसे ट्रेब्लिंकाच्या मृत्युछावणीत नेली गेली. १९ एप्रिल १९४३ रोजी उरलेल्यांनी शस्त्र उचलले. ते बंड मोडल्यावर तो सगळा विभाग जाळून, सुरुंग लावून सपाट करण्यात आला. यापुढची गोष्ट आपल्या विषयाची आहे आणि ती सांगताना जीभ जड होते. त्या भग्नावशेषांतच एक छळछावणी उभारली गेली, आणि ग्रीस, हंगेरी आदी देशांतून आणलेल्या ज्यू कैद्यांकडून पडक्या घरांच्या विटा आणि लोखंड वेचून घेतले जाऊ लागले. कोट्यवधी विटा अशा साफ करून रचल्या गेल्या. पुनर्वापर हा शब्द आज पर्यावरणाच्या पुस्तकांत पुण्यवाचक म्हणून येतो. तो ऐकला की मला या विटा आठवतात. वीट वाचली, माणूस मात्र नाही, असेही जगात घडलेले आहे.

पुढे १९४४ चे वॉर्साचे दुसरे बंड झाले आणि त्यानंतर नाझींनी उरलेले शहरही घरागणिक उद्ध्वस्त केले. १९४५ च्या जानेवारीत शहर मुक्त झाले तेव्हा सुमारे दोन कोटी घनमीटर मोडतोड समोर होती. राजधानी दुसरीकडे न्यावी काय, असाही विचार झाला. पण फेब्रुवारीतच राजधानीच्या पुनर्रचनेसाठी कचेरी स्थापन झाली. जुन्या गावठाणाची घरे चित्रे आणि आलेख पाहून जशीच्या तशी उभी करण्यात आली. त्यासाठी पश्चिमेकडील व्रोत्स्लाव्हसारख्या शहरांतूनही विटा आणविल्या गेल्या. एका शहराचे जखमी अंग सांधण्यासाठी दुसऱ्या जखमी शहराचे मांस काढले, असे तेथील लोकांना वाटले असल्यास नवल नाही.

ज्यू वस्तीच्या मुरानुव्ह विभागात तर घरे जवळजवळ उरलीच नव्हती; मीटरच्या मीटर उंचीचे ढिगारे होते आणि ढिगाऱ्यांत माणसे होती. एवढे वाहून नेणे शक्य नव्हते. बोहदान लाखेर्ट या वास्तुशिल्पज्ञाने ढीग हलविलेच नाहीत. त्यांचे चौथरे केले, त्यांच्याच चुऱ्यात सिमेंट घालून काँक्रीटचे ठोकळे पाडले आणि १९४९ पासून त्या चौथऱ्यांवर त्या ठोकळ्यांची कामगार-वसाहत बांधली. या ठोकळ्यांना गिलावा करू नये, तांबूस खडबडीत भिंतच उघडी राहावी, म्हणजे ही वस्ती कशातून उगवली ते दिसेल, असा त्याचा हेतू होता. हेतू थोर होता, परंतु राहावयास आलेल्या लोकांना ती उदास भिंत सोसेना. तक्रारी झाल्या आणि लवकरच घरांवर गिलावा चढला. या वादात मी कोणाच्या बाजूने आहे ते मला अजून ठरविता आलेले नाही. स्मारकात राहणे कोणाला जमते? आणि पाटीसुद्धा न लावता स्मशानावर राहणे तरी कोणाला शोभते? आजही मुरानुव्हमध्ये कित्येक घरांशी जायला रस्त्यावरून चार पायऱ्या चढाव्या लागतात. त्या पायऱ्या म्हणजे आधीच्या शहराची उंची आहे.

त्याच ढिगाऱ्यात आणखी काही पुरलेले होते, आणि ते एका शाळेखाली होते, म्हणून या सभागृहात ते मुद्दाम सांगतो. इमानुएल रिंगेलब्लुम नावाच्या इतिहासकाराने कोंडवाड्यात गुप्तपणे एक मंडळ जमविले होते. रेशनपत्रे, शाळेतील मुलांचे निबंध, नाटकाची तिकिटे, भिंतीवरील हुकूम, उपासमारीची टिपणे असे जे जे मिळेल ते त्यांनी गोळा केले. आपण जगणार नाही, निदान आपली कागदपत्रे जगावीत, या निश्चयाने ते काम चालले. ऑगस्ट १९४२ मध्ये, सभोवार माणसे ओढून नेली जात असताना, इझ्राएल लिख्टनश्टाइन या शिक्षकाने नोवोलिप्की रस्त्यावरील ६८ क्रमांकाच्या शाळेच्या तळघरात ही कागदपत्रे दहा पत्र्याच्या पेट्यांत भरून पुरली. मदतीला त्याचे दोन माजी विद्यार्थी होते, एक एकोणीस वर्षांचा, दुसरा अठराचा. फेब्रुवारी १९४३ मध्ये दुसरा भाग दुधाच्या दोन कॅनमध्ये पुरण्यात आला. शिक्षक आणि ते दोघे विद्यार्थी युद्धातून वाचले नाहीत. रिंगेलब्लुमला मार्च १९४४ मध्ये पत्नी व मुलासह गोळ्या घालण्यात आल्या.

जागा ठाऊक असलेली मोजकी माणसे उरली होती. त्यांच्या आग्रहाने १८ सप्टेंबर १९४६ रोजी ढिगाऱ्यातून पहिल्या पेट्या निघाल्या. पेट्यांत पाणी शिरले होते, कागद एकमेकांस चिकटले होते. दुधाचे कॅन १ डिसेंबर १९५० रोजी निघाले ते नव्या वसाहतीचे बांधकाम चालू असताना, मजुरांच्या हाती. सुमारे ३५ हजार पाने आज उपलब्ध आहेत. १९९९ मध्ये युनेस्कोने हा संग्रह जागतिक स्मृतीच्या यादीत घेतला. तिसरा भाग अद्याप सापडलेला नाही. मला राहून राहून वाटते ते असे : त्या डिसेंबरात तेथे खणणाऱ्या माणसाने हाती लागलेल्या भांड्याकडे पाहिले. यंत्राचा जबडा असता तर खडीबरोबर तेही चिरडले गेले असते.

यंत्राला नावे ठेवण्याचा माझा हेतू नाही, आणि काँक्रीटच्या बाबतीत दुसरा उपायही नाही. त्याचे तुकडे जबड्यासारख्या चक्कीत दळतात, चुंबकाने सळया ओढून घेतात, चाळून लहान-मोठी खडी वेगळी करतात. अडचण अशी की या खडीला जुन्या सिमेंटचे कवच चिकटून असते. ते सच्छिद्र असल्यामुळे पाणी जास्त पिते आणि नव्या काँक्रीटची ताकद कमी होते. म्हणून भारतीय मानकाने २०१६ मध्ये या खडीला परवानगी दिली ती हात राखून : सळईच्या काँक्रीटमध्ये, तेही मध्यम ताकदीच्याच, खडीच्या वीस टक्क्यांपर्यंत, बिनसळईच्या काँक्रीटमध्ये पंचवीस टक्क्यांपर्यंत, आणि पायाखालच्या हलक्या थरात पूर्णपणे. दिल्लीत बुराडी येथे २००९ पासून असा कारखाना चालला. २०१६ मध्ये बांधकाम व पाडकामाच्या कचऱ्यासाठी देशात प्रथमच स्वतंत्र नियम झाले. २०२५ चे नवे नियम १ एप्रिल २०२६ पासून लागू केले असून, वीस हजार चौरस मीटर व त्यावरील बांधकामांच्या प्रवर्तकांवर त्यांनी स्वतःच्या राडारोड्याची जबाबदारी टाकली आहे. २८ ऑगस्ट २०२२ रोजी नॉयडाचे दोन मनोरे काही सेकंदांत बसले आणि सुमारे ऐंशी हजार टन मलबा झाला, ते दृश्य आपण सर्वांनी दूरचित्रवाणीवर पाहिले. टाळ्याही वाजल्या. नंतरचे कित्येक महिने तो उचलला व दळला जात होता, तेव्हा कॅमेरे तेथे नव्हते. आपल्या इंदुरातही मलबा वेगळा घेऊन त्याच्या विटा व फरसबंदीचे ठोकळे करण्याची सोय झालेली आहे. तरीही रात्रीच्या अंधारात नाल्यात रिकामी होणारी ट्रॉली आपल्यापैकी कोणी पाहिली नाही, असे नाही. जवळची खाण स्वस्त असते आणि नाला फुकट, हेच त्याचे कारण. जर्मनीत खाण दूर होती आणि गरज दारात.

आणखी एक अडसर मनाचा आहे आणि त्याला हसू नये. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात लातूर व तत्कालीन उस्मानाबाद, आजच्या धाराशिव, जिल्ह्यांत सुमारे आठ हजार माणसे गेली. त्यांतली बहुतेक आपल्याच घराच्या जाड दगडी भिंतींखाली. दोष दगडाचा नव्हता. भिंतीच्या दोन अंगांना बांधून ठेवणारे आडवे दगड नव्हते, मातीचा जोड होता, माथ्यावर मातीचे धाबे होते. जाणकारांनी हे समजावून सांगितले. पण ज्या दगडाखालून आपले लेकरू काढले तोच दगड पुन्हा भिंतीत बसवा, असे त्या बापाला कोणी सांगावे? गावे नव्या जागी वसली, लोकांनी दगड नाकारला आणि काँक्रीट मागितले. जुन्या वस्तूला दुसरा जन्म द्यावयाचा तर तिच्यावरचा विश्वासही पुन्हा उभा करावा लागतो. तो चक्कीत तयार होत नाही.

एवढे पुराण सांगण्यास निमित्तही आहे. आपल्या शाळेची मागची जुनी इमारत येत्या उन्हाळ्यात जाणार हे आपणास ठाऊक आहेच. ती जावी याविषयी माझा वाद नाही. छत गळते आणि मुलांच्या जिवाशी खेळ नको. तिचे दोन भाग आहेत. मूळचे सहा वर्ग चुन्यातले, सागवानी तुळयांचे. आणि त्यांना चिकटलेली मागाहूनची प्रयोगशाळा काँक्रीटची. ठेकेदाराच्या हिंदी करारनाम्यात दोहोंस मिळून एकच शब्द आहे, ‘तोड़-फोड़’, आणि त्यासाठी नऊ दिवस दिले आहेत. प्रयोगशाळा यंत्राने पाडावी व तिचा मलबा नगर निगमच्या केंद्रावर जावा, त्याची पावती शाळेने घ्यावी. मात्र सहा वर्ग हाताने उतरवावेत, विटा साफ करून कुंपणाच्या भिंतीस वापराव्यात, आणि माळ्यावरील व भिंतीतील फडताळे आधी रिकामी करून त्यांतील जुनी हजेरीपत्रके, हस्तलिखित अंक, परीक्षेचे कागद यांची यादी करावी, अशी लेखी विनंती मी कार्यकारी मंडळास केली आहे. गवंड्याशी बोलून हिशेबही जोडला आहे : आठ माणसे, एकतीस दिवस. मंडळाची बैठक पुढील महिन्यात आहे.